नाव न विचारलेलं गाव

घरी परतून मला आता दीड वर्ष झालं. "मास्तर, तिकडं वऱ्हाड-मोगलाईत अकरा वर्षं पायी हिंडलात, काय काय पाहिलंत?" असं विचारणारी माणसं अजून ओसरीवर येतात. त्यांना मी चहा पाजतो आणि लढाईच्या बातम्यांवर गाडी नेतो. कारण खरं उत्तर द्यायची लाज वाटते. पाहिलं पुष्कळ, पण कुठं पाहिलं ते सांगता येत नाही. अकरा वर्षांत मी शेकडो गावांत जेवलो, झोपलो, आणि त्यातल्या एकाचंही नाव विचारलं नाही. हा विसराळूपणा नव्हे. हा नियम होता आणि तो मी हट्टानं पाळला.

मी वाईचा. शाळामास्तर होतो. बायको चार दिवसांच्या तापात गेली आणि घर खायला उठलं. तिची ओली साडी वाळत घालायची दोरी, तिची विळी, देवळीतला तिचा कुंकवाचा करंडा, जिकडं पाहावं तिकडं तीच. त्या सुमारास एक फिरस्ते बुवा घाटावर उतरले होते. मूळचे वऱ्हाडातले, साठीकडे झुकलेले, अंगानं काटकुळे, पण चालायला लागले की तरण्याला दम लागावा. मी त्यांच्यापुढं बसलो आणि म्हणालो, "मला काही म्हणजे काही आठवू नये, असं काहीतरी सांगा."  बुवा म्हणाले, "चाल मंग."

घराला कुलूप लावलं, किल्ली जानव्याला बांधली आणि निघालो.

नियम तीनच होते. एका गावात एकच रात्र; आजारपण आलं तर पाच. निघताना आपली चूल आपल्या हातानं मोडायची, राख पसरून द्यायची. आणि गावाचं किंवा माणसाचं नाव विचारायचं नाही, कारण नाव कळलं की जीव गुंततो. पहिली दोन वर्षं मला याचा औषधासारखा गुण आला. पुढची नऊ वर्षं म्हणाल तर नुसती तंगडतोड. तरी मी चालत राहिलो. सोडून दिलं असतं तर जायचं कुठं, हा प्रश्न होताच.

कयाधू उतरून

अकराव्या वर्षी फाल्गुनात आम्ही वऱ्हाडातून खाली मोगलाईत उतरलो. नरसीचं नाव न विचारता कळलं, कारण तिथली माणसं आधी गावाचं नाव सांगतात आणि मग रामराम घालतात. कयाधू नदीत घोटाभर पाणी होतं. ती ओलांडून दोन दिवस दक्षिणेकडं चाललो. सुगी चालू होती. शिवारभर ज्वारीची कणसं खुडलेली, खळ्यांवर बैलांच्या पाती फिरताहेत, पळस फुलून गेलाय. नव्या माणसाला हे पाहून आनंद झाला असता. मला आपलं वाटत होतं की हेच गाव काल पाहिलं आणि परवाही पाहिलं.

तिसऱ्या दिवशी बुवांच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. काट्याचं काय एवढं, म्हणून ते तसेच चालले. संध्याकाळी पाय जमिनीला टेकेना. समोर जे गाव आलं त्यात शिरलो. वेशीजवळ वीज पडून अर्धी जळालेली चिंच होती आणि तिला लागून मारुती. त्याच्या पलीकडच्या घरातली एक पन्नाशीची बाई उंबऱ्यावर तूर निवडत बसली होती. तिनं बुवांचा पाय पाहिला आणि सूप खाली ठेवलं.

"अगं माय! असा पाय घेऊन चालून राहिले काहून? या, गोठ्यात या. बैलं खळ्यावर हायेत, जागा मोकळीच हाय."

तिचा नवरा आणि लेक दोघंही खळ्यावर राहत होते. राशीजवळून हलायची सोय नव्हती. ती नवऱ्याला "आमचं माणूस" म्हणे आणि लेकाला "पोरगं". रीतीप्रमाणं तिनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि नियमाप्रमाणं मी कुणाचंच विचारायचं नाही. त्या घरात तीन दिवसांत एक नाव म्हणून माझ्या कानावर पडलं नाही.

जेवण मात्र असं की काय सांगू. आमच्याकडं बाजरीची भाकरी म्हणजे जाड, हातात तोलून घ्यावी अशी. इथली ज्वारीची भाकर रुंदीला थेट सुपाएवढी आणि इतकी पातळ की फुंकर मारली तर हलेल. तीवर अंबाडीची भाजी, वर करडईच्या तेलाची धार. मला तेलाचा उग्र वास पहिल्यांदा जड गेला. दुसऱ्या दिवशी मीच धार मोठी मागितली.

भाकर वाढताना तिनं सहज विचारलं, "घरला कोन हाय, महाराज?"

"कुणी नाही. बायको होती, गेली."

"काय नाव हुतं?"

"मी नाव घेत नाही," मी म्हणालो. अकरा वर्षांत घेतलं नव्हतं, ते खरंच होतं.

"घ्यावं," ती म्हणाली. "आमा बायांना मालकाचं नाव घ्यायची चोरी. तुमाला कोनी अडवलं? गेलेल्या मानसाचं नाव घेतलं न्हाई तर त्याला वाटतं, आपून कुनाचेच न्हाई." मला राग आला. एका गोठ्यात राहायला दिलं म्हणून काय वाट्टेल ते बोलायचं का? मी पाठ वळवून जेवलो.

तीन रात्री गेल्या. ती जवसाचं पोटीस गरम करून बुवांच्या पायाला बांधत होती, तरी पाय पोटरीपर्यंत सुजला आणि तापानं बुवांचं भान जायला लागलं. चौथ्या दिवशी सकाळी तिनं पट्टी सोडली, पाहिलं, आणि मला बाहेर बोलावलं.

"ह्याच्यावर आता पोटीस चालत न्हाई, महाराज. फोडाय पायजे. आज जवळ्याचा बाजार हाय, तिथं एक जर्राह बसतो, गळवं फोडतो. त्याला घेऊन या. न्हाई तर हे मानूस हातचं जाईल. ह्या पांदीनं उगवतीकडं चाला, सडक लागंल."

मी पळालोच. सडकेवर कापसाच्या गाड्या चालल्या होत्या. एका गाडीवाल्यानं मला वर घेतलं. कापसाच्या ढिगावर पाठ टेकली आणि तीन रात्रींचं जागरण अंगावर आलं. डोळा लागला तो गाडीवाल्यानं "जवळा आलं, महाराज, उतरा" म्हणून हलवेपर्यंत.

जवळा बाजार

बाजार ऐन भरात होता. मिरच्यांचे ढीग, गुळाच्या ढेपा, घोंगड्या, बैलांच्या घुंगुरमाळा. जर्राह सापडायला वेळ लागला नाही. लिंबाखाली सतरंजी टाकून बसलेला, मेंदीनं रंगवलेल्या दाढीचा म्हातारा. त्याला सगळे चाचा म्हणत. मी त्याला पायाचं वर्णन केलं. त्यानं सूज कुठवर आली, रंग कसा, वास येतो का, एवढंच विचारलं आणि हत्यारांची पेटी बांधायला घेतली.

"चलो. आजच फोडाय पायजे. तट्टू तयार हाय. गाव कोनतं?"

मी मागं वळून सडकेकडं पाहिलं. 

"गाव, महाराज. गाव कोनतं?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

"बरं, घर कोनाचं?"

"तेही माहीत नाही."

चाचानं पेटी खाली ठेवली. "तुमचा मानूस मरून राहिला, आन् तुमाला गाव ठाऊक न्हाई?"

मी त्याला नियम सांगितला. भर बाजारात, गूळवाल्याच्या आणि घोंगडीवाल्याच्या देखत. सांगताना तो मला पहिल्यांदाच मूर्खपणाचा वाटला. लोक गोळा झाले. कुणी हसलं, कुणी चुकचुकलं. एकजण म्हणाला, "म्हंजी बिननावाचं गाव? आमच्या मुलखात तसलं गाव न्हाई, बाप्पा. हरेक गावाला नाव हाय." सडकेनं उलटं जावं म्हटलं तर तिला दहा पांदी फुटतात आणि मी कुठं चढलो ते मला ठाऊक नव्हतं. गाडीवाला केव्हाच हिंगोलीच्या वाटेला लागला होता.

"ठीक," चाचा म्हणाला. "नाव न्हाई तर न्हाई. जे पाहिलं ते सांगा."

मी सांगायला लागलो आणि माझं मलाच नवल वाटलं. वेशीतली चिंच, डाव्या अंगानं जळालेली. मारुतीच्या शेपटाचा टोकाकडचा शेंदूर उडालेला. विहिरीच्या थारोळ्यात तांबडा दगड. गोठ्याच्या भिंतीवर तीन पंजे उमटवलेले, त्यातला एक लहान लेकराचा. बोलतो तो थांबेचना. अकरा वर्षं काही धरून ठेवायचं नाही म्हणून हिंडलो, आणि हे सगळं आत बसलं होतं, फक्त नावाशिवाय. मला तिथं रडू आलं. चाचानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

जळालेल्या चिंचेवरून एका तेल्यानं गाव ओळखलं. "ते गाव मला ठाऊक हाय, तीन कोस." आम्ही निघालो.

दुसऱ्याच चिंचेचं गाव

चिंच होती. जळालेलीही होती. पण उजव्या अंगानं. मारुती नव्हताच, तिथं म्हसोबा होता. गावकरी म्हणाले, "गोसावी? आमच्याकडं कोनी गोसावी आला न्हाई." दिवस मावळला होता, तट्टू थकलं होतं. मी त्या चिंचेच्या बुंध्याला लाथ घातली. पायालाच लागलं.

त्या गावच्या पाटलानं आम्हाला चावडीत जागा दिली. चावडीतले कागद सगळे उर्दूत, आणि पाटलाला उर्दू येत नव्हतं, तरी तो ते कागद फार जपत होता. माझ्यासाठी पिठलं-भाकर आली. चाचा आपल्या पेटीतले खजूर खाऊन बसला. मी त्याला म्हणालो, "चाचा, तुम्ही परत जा. तुमचा दिवस फुकट गेला."

"गळू फोडल्याबिगर पेटी घरी न्यायची न्हाई, अशी माझी खोड हाय," तो म्हणाला. "आन् तुमी जेवा बराबर. उपाशी मानसाला तर कायच आठवत न्हाई."

जेवलो. बुवा त्या गोठ्यात एकटे असतील, शुद्ध आली तर मला हाक मारतील आणि मी नसेन, हेच डोळ्यांपुढं येत होतं. बायको गेली तेव्हा मी शाळेत होतो. तिनं हाक मारली असेल का, हे मी अकरा वर्षांत एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं.

शिरडची वाट

सकाळी चाचा म्हणाला, शिरड शहापूरच्या बाजूला उतरू, तिकडं गावं दाट आहेत. वाटेत एका वडाखाली कासारीण बसली होती. बांगड्यांची टोपली बाजूला ठेवून टाचा चोळत होती. चाचाची तिची ओळख होती.

"सुगीत बांगड्या भरायला कोन बसतंय, चाचा," आम्ही जवळ जाताच तिनं कुरकूर सुरू केली. "बाया खळ्यावर, पोरी येचणीला. नुसते पाय झिजवून राहिले मी." मग माझ्याकडं पाहून, "हे कोन?"

चाचानं माझी कथा सांगितली. मी पुन्हा चिंच, मारुती, विहीर सुरू केलं. तिनं हातानंच थांबवलं.

"झाडं-विहिरी मला सांगू नका, महाराज. मी वेशीतून खाली मान घालून शिरते आन् थेट घरात जाते. मी हात पाहते. तिचे हात कसे हुते ते सांगा."

हात. मी डोळे मिटले. ती भाकर वाढत होती. उजव्या हातातल्या बांगड्या घरंगळून पंजापर्यंत येत होत्या, आणि डाव्या हातातल्या जिथल्या तिथं अडून राहत होत्या. का? डाव्या मनगटावर सुपारीएवढं हाड वर आलेलं होतं. लहानपणी मोडून तिरकं बसलेलं असावं.

"डावं मनगट," मी म्हणालो. "हाड वर आलंय. बांगड्या त्याच्या वरच अडतात."

कासारीण उठून उभीच राहिली. "अगं बाई, ती तर गयाबाई! मोरखेडीची! उजव्या हाताला लहान माप, डाव्याला मोठं. येका बाईसाठी दोन मापं ठेवते मी. डाव्या हाताच्या भरताना तिच्या डोळ्यांत पानी येतं, पर हूं का चूं करत न्हाई. ते गाव जवळ्याला जात न्हाई, शिरडच्या बाजाराला येतं. म्हनून तुमाला कोनी ओळखलं न्हाई." तिनं टोपली डोक्यावर घेतली. "चला, मीच येते. तुमचा काय भरवसा."

ती बाई वर्षानुवर्षं गावोगाव फिरते, माझ्यासारखीच. तिला प्रत्येक घरातलं मनगट ठाऊक आहे. वाटेत ती मला सांगत होती, कोणत्या गावात कुणाचा हात भाजलाय, कुणाच्या हातात आता बांगडी भरायची नाही. मी तिच्या मागून चाललो होतो.

मोरखेडी

डाव्या अंगानं जळालेली चिंच दिसली आणि मी पळत सुटलो. गयाबाई गोठ्याच्या दारात उभी होती.

"आले का? किती वाट पाहावी मानसानं! हायेत, हायेत, जीव हाय."

चाचानं हात धुतले, पेटी उघडली, मला बुवांचे खांदे धरायला लावले. पुढचं मी पाहिलं नाही. बुवांनी माझा दंड इतका घट्ट धरला की चार दिवस वळ होते. पाऊण तासानं चाचा म्हणाला, "निकल गया." काट्याचं टोक त्यानं बोटावर धरून दाखवलं. गव्हाच्या दाण्याएवढंही नव्हतं.

बुवा झोपल्यावर गयाबाईनं मला तुरीच्या घुगऱ्या दिल्या. "कालचा दिवसभर तापात बरळून राहिले हुते," ती म्हणाली. "सगळी गावांची नावं. येकामागून येक, माळ ओढल्यावानी. आमच्या मोरखेडीचं बी घेतलं. माझं बी नाव घेतलं, गया म्हनून. मी सांगितलं न्हवतं. पानी भरताना शेजारणीनं हाक मारली, ती ऐकली असंल."

घुगऱ्या तशाच ठेवून मी बुवांच्या उशाशी जाऊन बसलो.

संध्याकाळी बुवांचा ताप उतरला. मी थांबलो नाही. आजारी माणसावर चिडू नये हे मला कळतं, पण चिडलो. "तुम्हाला नावं ठाऊक होती! सगळी! मी इथं वेड्यासारखा दोन दिवस रानोमाळ फिरलो. मला नियम लावलात, आणि तुम्ही?"

बुवा क्षीण हसले. "माह्या गुरूचा असा नियम नोताच रे, मास्तर. तो तुयासाठी केला. तू आला तवा म्हने, मले काहीच आठवू नोको. म्हटलं, चार-सा महिने घेऊ दे हे औषध, मंग आपूनच सोडून देईन. तू तं अकरा वर्सं सोडलंच नाही."

"मग सांगायचं होतंत!"

"सांगनार होतो. दर साली वाटे, सांगाव. मंग वाटे, हा गेला तं माह्या संग कोन चालीन?" ते कण्हत कुशीवर वळले. "चुकलं माह्यं. तुले धरून बसलो."

 जागा सोडायला शिकवणारा माणूस मला सोडू शकला नव्हता, आणि ते ऐकून माझा राग जाग्यावर जिरला. मी त्यांचे पाय दाबत बसलो, दुखरा सोडून.

"आन् एक सांगू काय?" ते म्हणाले. "ज्याचं नावच ठाऊक नाही, ते सोडलं म्हनशीन कसं? आंधी ठाऊक पाहिजे, मंग सोडता येते. तू काही सोडलं नाही. जानव्याले घराची किल्ली बांधून अकरा वर्सं हिंडून राह्यला."

हात आपोआप छातीशी गेला. किल्ली होती.

चाचानं जाताना स्पष्ट सांगितलं होतं, या पायानं आता लांबची चाल होणार नाही. गयाबाईचा नवरा खळ्यावरून आला, त्यानं बुवांना पाहिलं आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या इथंच. गोठ्याला राखन झाली." बुवांनी मान डोलावली. मी म्हणालो, मीही राहतो. बुवांनी नाही म्हटलं.

"इथं राहून तू नवं घर करशीन, आन् जुन्याले कुलूप तसंच. तू घरी जाय. आन् आगगाडीनं जाय बाप्पा, पायानं गेला तं पुन्यांदा हरपशीन."

सकाळी निघालो. पाणी तापवायला गोठ्याबाहेर मांडलेल्या आमच्या चुलीपाशी सवयीनं बसलो आणि पहिला दगड उचलला.

"ठेव तो," बुवा आतून म्हणाले. "मले लागते ते चूल."

मी दगड जिथल्या तिथं ठेवला. उठलो तर डोळ्यांपुढं धुकं. गयाबाई उंबऱ्यावर शिदोरी बांधत होती. चार भाकरी, वर ठेचा. मी तिच्यापाशी गेलो आणि अगदी हळू म्हणालो, "यमुना."

"काय म्हनलं?"

"तिचं नाव. यमुना."

"यमुना," तिनं म्हणून पाहिलं. मग शिदोरीची गाठ सोडली, आत गेली, आणखी एक भाकर घेऊन आली. ती वेगळ्या फडक्यात बांधून माझ्या हातात दिली. "ही वाटंत खायची न्हाई. ही त्यांची हाय. घरला पोचल्यावर ठेवा."

हिंगोलीच्या स्टेशनापर्यंत प्रत्येक गावाचं नाव मी विचारत गेलो. लोकांना वाटलं असेल, हा म्हातारा वाट चुकलाय. वाईला पोचेतो भाकर वाळून कडक झाली होती. कुलपात तेल घालून अर्धा तास खटपट केली तेव्हा ते निघालं. देवळीतली धूळ हातानं पुसली, करंड्याशेजारी भाकर ठेवली, आणि तिला नावानं हाक मारली.